फाइल उघडणें व तिला कुलूप लावणें

गेल्या वर्षीं आमच्या शाळेच्या ग्रंथालयांत एक लहानशी गोष्ट घडली. तिचा दोष सर्वस्वीं आमच्याकडे असल्यामुळें ती प्रथम सांगून टाकतों, व मग पाठाकडे वळतों.

ग्रंथालयांतील पुस्तकांची देवघेव पूर्वीं जाड पुठ्ठ्याच्या वहींत लिहिली जात असे. ती वही जाऊन तिच्या जागीं संगणकांतील एक फाइल आली. प्रयोगशाळेंतील एका लिनक्स संगणकावर ही फाइल ठेवलेली असून ग्रंथालयांतील दोन मेजांवरचीं दोन यंत्रें त्या एकाच संगणकास जोडलेलीं आहेत. एका मेजावर पुस्तकें देतात, दुसऱ्यावर परत घेतात. नोंदी करणारा प्रोग्राम आम्हींच सी भाषेंत लिहिला. तो अवघा साठसत्तर ओळींचा होता, व त्याचा आम्हांस थोडासा अभिमानहि वाटत असे. इयत्ता आठवींतील एका विद्यार्थ्यानें मधल्या सुटींत एक पुस्तक परत केलें. महिन्यानें पाहतां तें त्याच्या नांवावर बाकी! मुलगा म्हणे, "सर, मीं परत दिलें आहे." आम्ही म्हणालों, "संगणक खोटें कशाला सांगेल?" त्याच्या वडिलांस बोलावण्यांत आलें. ते मजुरीचा एक दिवस बुडवून आले, मुलास आमच्यादेखत बोलले, आणि पुस्तकाची किंमत भरून गेले. पुढें दिवाळीच्या सुटींत पुस्तकांची मोजदाद झाली, तेव्हां तें पुस्तक आपल्या फळीवर, आपल्या अनुक्रमांकाच्या जागीं, स्वस्थ उभें असलेलें सांपडलें.

पैसे परत केले; मुलाची व त्याच्या वडिलांची क्षमाहि मागितली. परंतु नोंद गेली कोठें, हा प्रश्न राहिलाच. परत घेण्याच्या मेजावर बसणाऱ्या विद्यार्थिनीनें ती केली होती, आणि पडद्यावर 'नोंद झाली' अशीं अक्षरें उमटलेलीं तिला आठवत होतीं. दोन संध्याकाळ आम्ही आपलाच प्रोग्राम समोर घेऊन बसलों, तेव्हां उलगडा झाला. प्रोग्राम सबंध फाइल वाचून स्मृतींत घेई, तींतील एक ओळ बदलीत असे, आणि मग सबंध फाइल पुन्हां लिहून ठेवी. सुटींत दोन्ही मेजांवर गर्दी. एका मेजानें फाइल वाचली. लगेच दुसऱ्यानेंहि तीच वाचली. पहिल्यानें 'पुस्तक परत आलें' ही ओळ घालून फाइल लिहिली; आणि दुसऱ्यानें आपल्याजवळची प्रत, जींत ती ओळ नव्हती, आपली नवी नोंद घालून तिच्यावर लिहिली. दोघांनींहि आपापलें काम प्रामाणिकपणें केलें, कोणासहि चूक दिसली नाहीं, आणि एकाची नोंद पुसून गेली. या दोषास संगणकशास्त्रांत 'लॉस्ट अपडेट' असें नांव आहे. आमच्या प्रोग्रामांत तो पहिल्या दिवसापासून होता. त्या मुलापूर्वीं आणखी किती जणांच्या नोंदी गेल्या असतील, हें सांगण्यास आतां साधन नाहीं.

विद्यार्थिमित्रांनो, या निमित्तानें फाइल 'उघडणें' म्हणजे काय हें आपण नीट पाहूं. आपण जी पद्धति वापरतों ती युनिक्सची. १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन थॉम्सन व डेनिस रिची यांनीं तिचा पाया घातला, आणि १९९१ सालीं फिनलंडमधील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें तिच्याच वळणावर लिनक्स लिहिण्यास आरंभ केला. या पद्धतींत कोणताहि प्रोग्राम स्वतः डिस्कला हात लावीत नाहीं. तो 'कर्नल' नामक मुख्य कारभाऱ्याकडे 'ओपन' या हांकेनें अर्ज करतो: अमुक नांवाची फाइल मला वाचावयास, किंवा लिहावयास, द्यावी. कर्नल नांव शोधतो, परवानगी तपासतो, आणि उत्तरादाखल एक लहानसा क्रमांक देतो. ०, १ व २ हे क्रमांक कळफलक, पडदा व चुकांचा मजकूर यांजकडे आधींच गेलेले असतात. म्हणून पहिल्या फाइलीस बहुधा ३ मिळतो. पुढें वाचणें-लिहिणें होतें तें या क्रमांकानें. नांव पुन्हां विचारलें जात नाहीं.

नांव निराळें आणि फाइल निराळी, हें येथील मर्म. डिरेक्टरी म्हणजे नुसती यादी: हें नांव, हा आंतला अंक. यादींतील नांव पुसून त्याच नांवापुढें दुसरा अंक लिहितां येतो, किंवा त्या जागीं 'सिम्बॉलिक लिंक', म्हणजे 'पुढील पत्त्यावर पाहा' अशी चिठ्ठी, ठेवतां येते. घराच्या दारावरील पाटी कोणीहि रात्रींतून बदलूं शकतो. पण आपण ज्या मनुष्याचा हात धरला आहे तो मनुष्य पाटी बदलल्यानें बदलत नाहीं. 'ओपन'नें मिळालेला क्रमांक हा असा धरलेला हात आहे.

आतां पुष्कळ नवशिके प्रोग्राम लिहितांना आधीं पाटी पाहतात व मग दार ठोठावतात. जुन्या युनिक्सवरील कांहीं प्रोग्रामांना सामान्य माणसानें चालविलें तरी मुख्य व्यवस्थापकाचा अधिकार मिळत असे. आजहि परवलीचा शब्द बदलणारा प्रोग्राम असाच चालतो. अशा प्रोग्रामनें एखाद्याच्या सांगण्यावरून फाइल लिहावयाची, तर त्या माणसास ती लिहिण्याचा स्वतःचा हक्क आहे कीं नाहीं हें पाहिलें पाहिजे. त्यासाठीं 'ॲक्सेस' नांवाची हांक आहे. प्रोग्राम नांव देऊन विचारी, "यास परवानगी आहे काय?" उत्तर येई, "आहे." मग तो त्याच नांवानें 'ओपन' करी. दिसण्यांत हें अगदीं निर्दोष. पण दोन हांकांच्या मध्यें कर्नल दुसऱ्या कोणाचें काम हातीं घेऊं शकतो, आणि तेवढ्यांत त्या लबाड माणसानें आपली फाइल काढून तिच्या जागीं सर्व वापरकर्त्यांची यादी असलेल्या फाइलीकडे बोट दाखविणारी चिठ्ठी ठेवली, तर परवानगी एकीची तपासली गेली आणि लिहिलें गेलें दुसरीवर! एवढा अल्प अवकाश कोण साधणार, असें कोणी म्हणेल. परंतु चोरानें हजार वेळां प्रयत्न करावा व एकदां साधावें एवढेंच पुरे असतें. शिवाय एकांत एक अशा शेंकडों डिरेक्टऱ्यांची लांब वाट देऊन कर्नलला शोधांत गुंतविण्याची युक्तीहि त्यास ठाऊक असते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेंतील मॅट बिशप व मायकेल डिल्गर यांनीं १९९६ सालीं याच दोषावर निबंध लिहून प्रोग्रामांत तो हुडकण्याची रीत दाखविली.

यावर उपाय असा कीं, आधीं विचारणें व मग करणें असे दोन टप्पे ठेवूंच नयेत. अधिकार तात्पुरता खालीं ठेवून त्या माणसाच्याच हक्कानें 'ओपन' करावें. नकार मिळावयाचा तर तेथेंच मिळेल. फाइलीचा मालक कोण, ती साधी फाइल आहे कीं आणखी कांहीं, हें पाहणें असल्यास उघडल्यानंतर, हातीं आलेल्या क्रमांकावर, 'एफस्टॅट'नें पाहावें. नांवावर नव्हे.

नवी फाइल निर्माण करतांना हीच सावधगिरी दुपटीनें हवी. प्रत्येक युनिक्स संगणकांत 'टेम्प' नांवाची एक सार्वजनिक डिरेक्टरी असते. ती धर्मशाळेच्या ओसरीसारखी: कोणीहि यावें, आपलें गांठोडें ठेवावें. दुसऱ्याचें गांठोडें हलवितां येत नाहीं इतका बंदोबस्त तेथें असतो, पण रिकाम्या जागीं आधीं कोणी काय ठेवावें यास आडकाठी नाहीं. तुमचा प्रोग्राम रोज 'हिशेब' याच नांवाची फाइल तेथें करतो हें एखाद्यानें हेरलें, कीं तो त्या नांवाची चिठ्ठी आधींच ठेवून देतो, आणि तुमचा प्रोग्राम बिचारा चिठ्ठींत लिहिलेल्या पत्त्यावर जाऊन भलतीच फाइल पुसतो. म्हणून 'ओपन'ला ओ_क्रिएट या खुणेबरोबर ओ_एक्सक्ल ही दुसरी खूण द्यावी. तिचा अर्थ: हें नांव आधीं असेल तर, मग ती चिठ्ठी कां असेना, मला फाइल देऊं नका; नसेल तरच नवी करा. पाहणें आणि करणें हीं दोन्ही कामें कर्नल एका दमांत करतो, मध्यें कोणास शिरूं देत नाहीं. (जातां जातां एक गंमत: पहिल्या खुणेच्या इंग्रजी वर्णलेखनांत शेवटचें 'ई' अक्षर नाहीं. पुन्हां युनिक्स करावयाची झाल्यास काय बदलाल, असें थॉम्सन यांस विचारतां तें एक अक्षर घालीन, असें ते म्हणाल्याचें सांगतात.) तात्पुरती फाइल हवी असल्यास 'एमकेएसटेम्प' हें साधन वापरावें; तें कोणास न सुचणारें नांव निवडून, मालकाखेरीज कोणास न वाचतां येईल अशा हक्कांनिशीं, फाइल तत्काळ उघडूनच देतें. त्याहून जुनें 'एमकेटेम्प' नुसतें नांव देत असे, आणि नांव मिळणें व फाइल होणें यांत पुन्हां तीच फट राही. हक्कहि फाइल करतांनाच द्यावे. आधीं सर्वांना खुली करून मागाहून बंद करूं म्हटलें, तर मधल्या वेळांत जो उघडून बसला त्याचा हात सुटत नाहीं.

ओ_नोफॉलो ही खूण चिठ्ठीमागें जाऊं नका असें सांगते, पण केवळ वाटेच्या शेवटच्या नांवापुरतें. वाटेंतील मधल्या डिरेक्टऱ्यांस ती लागू नाहीं. त्यासाठीं लिनक्समध्यें २०२० सालापासून 'ओपनॅट-टू' ही नवी हांक आहे. २०१२ सालच्या ३.६ या आवृत्तीपासून सार्वजनिक डिरेक्टरींतील परक्या चिठ्ठ्यांमागें न जाण्याचा बंदोबस्त कर्नलमध्येंच करतां येऊं लागला आहे. तरी आपला प्रोग्राम दुसऱ्याच्या पहाऱ्यावर विसंबून लिहूं नये, असें आमचें मत आहे.

आतां कुलुपाकडे येऊं, कारण आमच्या ग्रंथालयांत चोर नव्हता. होते ते दोन सज्जन, एकाच वेळीं एकाच वहींत लिहिणारे.

कुलुपाची सर्वांत जुनी रीत म्हणजे एक रिकामी फाइल करणें. ती आहे तोंवर इतरांनीं थांबावें, काम झालें कीं ती काढावी. ओ_एक्सक्लनें केल्यास दोघांना एकदम ती करतां येत नाहीं, येथवर ठीक. पण काम करणारा प्रोग्राम मध्येंच मेला, किंवा वीज गेली, तर कुलूप तसेंच राहतें आणि सर्वजण जन्मभर वाट पाहत बसतात. त्यावर तोड म्हणून कुलुपांत मालकाचा प्रोसेस-क्रमांक लिहितात; तो क्रमांक जिवंत नसेल तर कुलूप शिळें समजून काढून टाकावें. हीहि पाहूं-मग-करूं अशीच गोष्ट झाली! दोघांनीं एकाच वेळीं तें शिळें ठरविलें. पहिल्यानें काढून आपलें नवें लावलें. दुसऱ्यानें, शिळेंच समजून, पहिल्याचें नवें कुलूप काढून टाकलें. आतां दोघेहि आंत.

याहून बरी रीत कर्नलकडूनच कुलूप मागण्याची. बर्कले येथील विद्यापीठानें १९८३ सालीं काढलेल्या युनिक्सच्या ४.२ आवृत्तींत 'फ्लॉक' ही हांक आली. उघडलेल्या फाइलीचा क्रमांक देऊन ती करावयाची. कुलूप दोन प्रकारचें: वाचणाऱ्यांचें सामाईक, जें अनेकांस एकदम मिळतें, आणि लिहिणाऱ्याचें एकट्याचें, जें असतां दुसरें कोणतेंच मिळत नाहीं. मोठा गुण हा कीं प्रोग्राम मेला तर त्याच्या फाइली कर्नल मिटतो, आणि कुलूप आपोआप सुटतें. शिळें कुलूप ही गोष्टच उरत नाहीं. मात्र हें कुलूप दाराला लागत नाहीं. दारावर टांगलेल्या 'आंत काम चालूं आहे' अशा पाटीप्रमाणें तें असतें. जो पाटी वाचतो तोच थांबतो. 'फ्लॉक' न मागतां सरळ फाइल उघडून लिहिणाऱ्यास कर्नल अडवीत नाहीं. सक्तीचें कुलूप लिनक्समध्यें होतें, पण तें कधींच भरंवशाचें नव्हतें व २०२१ सालच्या ५.१५ या आवृत्तींत तें काढूनच टाकण्यांत आलें. विंडोजची चाल निराळी. तेथें उघडतांनाच इतरांस वाव द्यावयाचा कीं नाहीं हें सांगावें लागतें, आणि नाहीं म्हटलें तर दुसऱ्यास फाइल उघडतांच येत नाहीं.

'फ्लॉक' शिकून आम्ही मोठ्या उत्साहानें आपला प्रोग्राम दुरुस्त केला. आठच दिवसांत ग्रंथालयांतून निरोप आला: "सर, वही कोरी दिसते." पुन्हां शोध. आम्हीं लिहिण्यासाठीं फाइल 'एफओपन'नें 'डब्ल्यू' अक्षर देऊन उघडली होती, व मग कुलूप मागितलें होतें. 'डब्ल्यू'चा अर्थच असा कीं उघडतांक्षणीं फाइल कोरी करावी. कुलुपासाठीं रांगेंत उभे राहण्यापूर्वींच आम्ही वही फाडून येत होतों! शिवाय जुन्या चुकीचा अर्धा भागहि राहिलाच होता: कुलूप केवळ लिहितांना लावलें होतें, वाचतांना नाहीं, म्हणजे शिळी प्रत हातीं घेऊन, शिस्तीनें रांगेंत उभें राहून, ती लिहीत होतों. सामाईक कुलुपाखालीं वाचून मग तेंच एकट्याचें करून घेऊं, असें एका विद्यार्थ्यानें सुचविलें. सूचना हुशारीची, पण 'फ्लॉक' तसें करतांना पहिलें कुलूप आधीं सोडतो व मग दुसरें मागतो. मधल्या क्षणांत दुसरा आंत येऊन फाइल बदलूं शकतो. बदल करावयाचा असेल त्यानें एकट्याचें कुलूप घेऊनच वाचावें, आणि लिहून होईपर्यंत तें सोडूं नये.

तिसरी अडचण विजेची. लिहितां लिहितां वीज गेली तर अर्धी वही राहते. यासाठीं नवी प्रत वेगळ्या नांवानें लिहावी, 'एफसिंक'नें ती डिस्कवर खरोखर पोंचली अशी खात्री करून घ्यावी, आणि 'रिनेम'नें तिला जुनीचें नांव द्यावें. 'रिनेम' एका दमांत होतें. वाचणारास सबंध जुनी किंवा सबंध नवी प्रत मिळते, अर्धवट कधींच नाहीं. शेवटीं डिरेक्टरीवरहि 'एफसिंक' करावें, नाहीं तर नांवबदलच वाटेंत राहावयाचा. पण येथें नांव आणि फाइल यांतला भेद पुन्हां आडवा येतो. कुलूप फाइलीवर असतें, नांवावर नव्हे. आम्हीं कुलूप लावलेली जुनी फाइल नांवाविना उरली. तिच्यापाशीं रांगेंत असलेल्या दुसऱ्या प्रोग्रामला मग कुलूप मिळालें, पण तें त्या टाकून दिलेल्या प्रतीचें, आणि तो तीच वाचीत बसला. तेव्हां कुलुपासाठीं एक स्वतंत्र रिकामी फाइल ठेवली. ती कधीं बदलावयाची नाहीं, कधीं काढावयाची नाहीं. आधीं तिचें कुलूप, मगच वहीचें नांव घेऊन 'ओपन'. यानंतर आजवर तक्रार आलेली नाहीं. फळीवरील पुस्तकांशीं दर शनिवारीं आम्ही नोंदी ताडून पाहतों.

वरच्या वर्गांतील मुलांसाठीं एक गोष्ट राहिली. १९८८ सालच्या 'पॉझिक्स' या सर्वमान्य नियमावलींत 'एफसीएनटीएल'चें कुलूप आहे. तें फाइलीच्या एखाद्या भागासहि लावतां येतें, हा त्याचा लाभ. परंतु त्याचा एक नियम आम्हांस विचित्रच वाटतो: एका प्रोसेसनें तीच फाइल दोनदां उघडली व त्यांतील कोणताहि एक क्रमांक मिटला, तर त्या फाइलीवरील त्याचीं सर्व कुलुपें गळून पडतात. तुम्हीं वापरलेल्या एखाद्या परक्या ग्रंथांशानें आंतल्या आंत ती फाइल उघडून मिटली तरीहि तेंच. 'एसक्यूलाइट' या प्रसिद्ध कोशकारास एवढ्यासाठीं उघड्या फाइलींची आपली वेगळी यादी ठेवून मिटणें लांबणीवर टाकावें लागतें. लिनक्सच्या ३.१५ या आवृत्तींत, २०१४ सालीं, उघडलेल्या क्रमांकाशीं बांधलेलीं नवीं कुलुपें आलीं, त्यांत हा दोष नाहीं. ज्यास फाइलीचा भाग कुलुपांत ठेवावयाचा आहे त्यानें तींच घ्यावीं.

हें सर्व वाचून पटणार नाहीं, करून पाहिलें म्हणजे पटतें. एका फाइलींत ० हा आंकडा लिहा. फाइल उघडून आंकडा वाचावा, त्यांत १ मिळवून परत लिहावा, असें १००० वेळां करणारा लहानसा प्रोग्राम लिहा, आणि दोन खिडक्यांत तो एकदम चालवा. बेरीज २००० यावयास हवी. ज्या विद्यार्थ्याचें पुस्तक हरवलें नव्हतें तो आतां नववींत आहे. त्यानें हा प्रयोग प्रथम केला, तेव्हां बेरीज १३१६ आली, दुसऱ्यांदा १४०२. मग त्यानें वाचण्यापूर्वीं 'फ्लॉक'ची एक ओळ घातली, आणि पांच वेळां चालवून पाहिलें. पांचहि वेळां २०००. तो प्रोग्राम त्यानें प्रयोगशाळेंतील संगणकावर ठेवला आहे. ज्यांस पाहावयाचा असेल त्यांनीं, पालकांनीं सुद्धां, शनिवारीं शाळा सुटल्यावर यावें. तो स्वतः चालवून दाखवितो.